माझगावची शल्की

पावसाळ्यातली मुंबईची हवा पाणबुडीच्या वेल्डिंगला मानवत नाही. खिडकीचे गज किंवा लोखंडी गेट जोडायचे असेल तर फारसे अडत नाही. पाणबुडीच्या प्रेशर हलची गोष्ट वेगळी. माणसे, बॅटऱ्या आणि यंत्रे ज्याच्या पोटात राहतात ते हे जाड पोलादी नळकांडे, आणि त्याचे सांधे जोडताना हवेतला ओलावा हा शत्रूच असतो. वेल्डिंगच्या रॉडवरच्या लेपाने ओल धरली की ठिणगीच्या उष्णतेत त्या ओलीतला हायड्रोजन सुटा होतो आणि वितळलेल्या पोलादात शिरतो. सांधा वरून नितळ दिसतो. मग सगळे थंड झाल्यावर, कधी एक-दोन दिवस उलटल्यावर, आतल्या आत केसाएवढी चीर पडते. म्हणून रॉड भट्टीत सुकवायचे आणि गरम डब्यातूनच वेल्डरच्या हातापर्यंत न्यायचे. जोडायचे पोलाद आधी तापवून घ्यायचे. काम झाल्यावर मध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि मगच एक्स-रे व अल्ट्रासाउंडने सांधा तपासायचा. चीर सापडली तर तेवढा भाग खरवडून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

माझगाव डॉकमधल्या कामगारांनी १९८०च्या दशकात ही विद्या आत्मसात केली आणि भारतात बांधलेली पहिली पाणबुडी उभी केली. तिचे नाव आयएनएस शल्की. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ती नौदलात दाखल झाली. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून हार्बर लोकलने रोज जाणाऱ्या लाखो मुंबईकरांना माझगावच्या क्रेन दिसतात, पण भिंतीपलीकडे देशाने काय कमावले आणि पुढे काय हातचे घालवले, त्याची चर्चा आपल्याकडे झालीच नाही. शल्कीचा इतिहास बहुतेक ठिकाणी एका घोटाळ्याची तळटीप म्हणून येतो. तो तिच्यावर अन्याय आहे.

भारतीय नौदलाचे पाणबुडी दल तसे तरुण. पहिली पाणबुडी, जुनी आयएनएस कलवरी, ८ डिसेंबर १९६७ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात नौदलात आली. नौदलाचा पाणबुडी दिन अजूनही त्याच तारखेला असतो. १९७४ पर्यंत सोव्हिएत ‘फॉक्सट्रॉट’ जातीच्या आठ पाणबुड्या जमल्या. त्या दणकट होत्या, १९७१च्या युद्धात त्यांचा उपयोगही झाला. पण बांधणीचे ज्ञान सारे तिकडचे. कुठल्या पत्र्यामागे कोणती नळी जाते हे आपल्याला नकाशा बघून कळे, हातातून कळत नसे. जहाजांच्या बाबतीत आपण तोवर पुढे सरकलो होतो. माझगाव डॉकने १९७२ मध्ये आयएनएस निलगिरी ही फ्रिगेट नौदलाला दिली आणि १९८१ पर्यंत त्या मालिकेतली सहावी विंध्यगिरीही पुरी केली. आता पाणबुडी इथे बांधायची, असे नौदलाने मनावर घेतले ते याच यशाच्या बळावर.

अनेक युरोपीय यार्डांची चाचपणी झाली आणि निवड झाली पश्चिम जर्मनीतल्या कील बंदरातल्या एचडीडब्ल्यू कंपनीची. ११ डिसेंबर १९८१ रोजी करार झाला. दोन पाणबुड्या कीलमध्ये बांधायच्या आणि त्यांच्या जोडीच्या दोन माझगावात. जर्मनांनी सुटे साहित्य, नकाशे आणि प्रशिक्षण द्यायचे, बांधणी मात्र इथल्या हातांनी करायची.

या तारखेपाशी मी दरवेळी अडखळतो. करारावर सही झाल्यावर सव्वा महिन्यातच, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार रस्त्यावर आले आणि त्यातल्या बहुतेकांना ते जुने गिरणगाव परत मिळाले नाही. लालबाग-परळच्या चाळींमध्ये तीन पिढ्यांनी जपलेले सूत आणि साच्याचे कौशल्य निकामी ठरत होते. त्याच चाळींपासून दोन-तीन किलोमीटरवर, त्याच वर्षांत, सरकार त्याहून कितीतरी अवघड कौशल्य पैसे मोजून शिकत होते. एका शहराने एकाच वेळी हे दोन्ही पाहिले. कौशल्य पत्र्यात किंवा यंत्रात नसते, ते माणसाच्या अंगात असते, आणि काम थांबले की माणसाबरोबर निघून जाते, हे मुंबईला खरे तर तेव्हाच कळायला हवे होते.

ज्या रचनेची पाणबुडी आपण घेतली तिचा जनक उलरिख गाब्लर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन यू-बोटीवर इंजिनिअर म्हणून काम केलेला हा माणूस. युद्धानंतर, १९४६ मध्ये, त्याने ल्युबेक शहरात स्वतःची रचना-कचेरी काढली. पश्चिम जर्मनीच्या छोट्या किनारी पाणबुड्या तिथेच आखल्या गेल्या आणि निर्यातीसाठीची ‘टाइप २०९’ही तिथलीच. या मालिकेची पहिली पाणबुडी १९७१ मध्ये ग्रीसला मिळाली. पुढे साठाहून अधिक बांधल्या गेल्या. भारतासाठीचा नमुना मोठा होता, त्याला ‘१५००’ म्हणतात. लांबी ६४.४ मीटर, रुंदी साडेसहा मीटर, पाण्याखाली वजन सुमारे १,८५० टन. बारा सिलिंडरची चार डिझेल इंजिने वीज तयार करतात, ती वीज बॅटऱ्यांत साठते आणि ४,६०० अश्वशक्तीची एकच मोटर एकच पंखा फिरवते. पाण्याखाली तिचा वेग २२ नॉटपर्यंत जातो. त्या वेगाने बॅटऱ्या मात्र फार वेळ टिकत नाहीत. एरवी ती माणसाच्या चालीने सरकते, कारण हळू म्हणजे शांत, आणि पाणबुडीला शांत राहूनच जगता येते. पुढच्या बाजूला टॉर्पेडोच्या आठ नळ्या, एकूण चौदा टॉर्पेडो. मूळचे टॉर्पेडो जर्मन बनावटीचे, मागे बारीक तार सोडत जाणारे. सुटल्यानंतरही तारेवरून त्यांना दिशा देता येते.

या पाणबुडीची खरी ओळख तिच्या मध्यभागी आहे. गाब्लरच्या कचेरीने तिथे एक पोलादी गोल बसवला. अपघात झाला आणि पाणबुडी तळाशी बसली तर सगळ्या चाळीस जणांनी त्या गोलात शिरायचे, झाकण लावायचे आणि गोल सोडून द्यायचा. तो एकटा पाण्यावर येतो. आत आठ तासांची हवा असते आणि प्रेशर हल जेवढा दाब सोसतो तेवढा दाब तोही सोसतो. जगातल्या फार थोड्या पाणबुड्यांना अशी सोय आहे. सन २००० मध्ये रशियाची कुर्स्क बुडाली तेव्हा ११८ जण गेले. पहिल्या स्फोटांतून वाचलेले मागच्या कप्प्यात अडकून राहिले होते. त्या बातम्या वाचताना माझगावात बांधलेल्या त्या गोलाची आठवण किती जणांना झाली असेल?

आता पुन्हा पोलादाकडे. शल्कीसारखी पाणबुडी २६० मीटर खोल जाऊ शकते. तेवढ्या खोलीवर प्रेशर हलच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २६० टन भार येतो. हा भार सोसण्याचे रहस्य पत्र्याच्या जाडीइतकेच त्याच्या गोलाईत आहे. रिकाम्या गोल डब्यावर जपून उभे राहिले तर तो वजन पेलतो, पण कडेला कुठे पोचा असला की क्षणात चेपतो. हलचेही तसेच. कडी नेमकी गोल असेल तर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. ती जराशी अंडाकृती झाली तर तिची ताकद झपाट्याने घटते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद ताणत-आक्रसत असल्यामुळे कडी वाकडी होण्याची भीती प्रत्येक सांध्यापाशी असते. म्हणून कोणता सांधा आधी, कोणता नंतर, दोन वेल्डरांनी समोरासमोरच्या कोणत्या जागांवर एकाच वेळी काम करायचे, याचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडता येत नाही.

फ्रिगेट बांधणारा कामगार इथे नव्याने विद्यार्थी झाला. जहाजात एखादी नळी इंचभर इकडेतिकडे झाली तर निभते. पाणबुडीत त्या इंचात दुसरी केबल जायची असते. जहाजात दोन टन वजन जास्त भरले तर ते दोन बोटे खाली बसते. पाणबुडीत प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक खुर्ची वजन करून मगच आत जाते, कारण शेवटी तिला पाण्यात ना वर ना खाली अशी तरंगत राहता आले पाहिजे. हे शिकायला माझगावची माणसे आणि नौदलाचे अधिकारी कीलला जाऊन राहिले. बाल्टिकच्या थंडीत, भाषा येत नसताना, जर्मन फोरमनच्या शेजारी उभे राहून काम बघायचे आणि परत येऊन ते मुंबईच्या घामट शेडमध्ये करून दाखवायचे, हे त्यांच्या वाट्याला आले.

कीलमध्ये शिशुमारचे काम १ मे १९८२ रोजी सुरू झाले आणि २२ सप्टेंबर १९८६ रोजी ती नौदलात आली. तिची बहीण शंकुश त्याच वर्षी २० नोव्हेंबरला. माझगावात शल्कीची बांधणी सुरू झाली ५ जून १९८४ रोजी. वेल्डिंगमधल्या अडचणींनी सुरुवातीलाच वेळ खाल्ला. सांधे उकलावे लागले, पुन्हा करावे लागले. त्या वेळी वृत्तपत्रांतून आणि दिल्लीतून टीका झाली की हे काम आपल्याला झेपणारे नाही. जलावतरण झाले ३० सप्टेंबर १९८९ रोजी आणि चाचण्या संपून ती दाखल झाली १९९२ मध्ये. म्हणजे जवळजवळ पावणेआठ वर्षे. कीलच्या पावणेदुप्पट.

टीका करणाऱ्यांनी इथेच पान मिटले. पुढचे पान उघडले असते तर त्यांना दिसले असते की शल्कीनंतरची, मालिकेतली चौथी पाणबुडी, शंकुल, माझगावात ३ सप्टेंबर १९८९ रोजी हाती घेतली गेली, २१ मार्च १९९२ रोजी पाण्यात उतरली आणि २८ मे १९९४ रोजी नौदलात आली. पावणेपाच वर्षांत. कीलला शिशुमारसाठी साडेचार वर्षांच्या आसपास लागली होती. बांधणीचा आरंभ कोणत्या दिवशी धरायचा हे प्रत्येक यार्ड आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे या आकड्यांत थोडे इकडेतिकडे होईल. तरी अर्थ बदलत नाही. कित्येक दशके पाणबुड्या बांधत आलेल्या यार्डाची बरोबरी माझगावच्या माणसांनी दुसऱ्याच प्रयत्नात जवळपास केली होती. एवढ्या लवकर एवढी अवघड विद्या पचवल्याची उदाहरणे आपल्या उद्योगाच्या इतिहासात फार नाहीत.

आणि नेमके तेव्हाच काम संपले.

मूळ बेत दोनवर थांबण्याचा नव्हता. आणखी दोन पाणबुड्यांची बोलणी चालू होती आणि किंमत कमी करा असा भारताचा आग्रह होता. १९८७च्या सुरुवातीला बॉनमधल्या भारतीय राजदूतांनी दिल्लीला कळवले की कंपनी किंमत उतरवायला तयार नाही, कारण आधीच्या व्यवहारात सात टक्के दलाली द्यावी लागते. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी एप्रिलमध्ये चौकशीचा आदेश दिला आणि १२ एप्रिलला राजीनामा दिला. चारच दिवसांनी स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांच्या लाचखोरीची बातमी फोडली आणि देशाच्या राजकारणाची दिशा पालटली. एचडीडब्ल्यू प्रकरणात सीबीआयने १९९० मध्ये गुन्हा नोंदवला. जर्मनीकडून हवी ती माहिती मिळाली नाही आणि शेवटी प्रकरण बंद झाले. दलालीची रक्कम कुणी घेतली हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

दलाली खाणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. ती झाली नाही. शिक्षा झाली ती माझगावच्या शेडला. पाचवी आणि सहावी पाणबुडी रद्द, कंपनीशी पुढचे व्यवहार बंद, आणि दुसऱ्या कुठल्या रचनेचा निर्णय घ्यायचे धाडस दिल्लीत कुणाला होईना. पुढच्या सरकारांनीही फायली हलवल्या, निर्णय घेतला नाही. शंकुल दाखल झाली १९९४ मध्ये आणि माझगावला पाणबुडी बांधणीचा पुढचा करार मिळाला ऑक्टोबर २००५ मध्ये, फ्रेंच ‘स्कॉर्पिन’ रचनेचा. मधल्या काळात जुन्या पाणबुड्यांच्या रिफिटची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची, कामे यार्डात होत राहिली, हे खरे. पण रिफिट म्हणजे बांधणी नव्हे. कडी गोल कशी ठेवायची हे ज्याच्या हाताला कळत होते तो वेल्डर तोवर दुसऱ्या कामावर गेला होता, निवृत्त झाला होता किंवा आखातात नोकरीला लागला होता. फ्रेंचांकडून सगळे प्रशिक्षण नव्याने घ्यावे लागले. स्कॉर्पिनमधली पहिली, नवी कलवरी, नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ रोजी, ठरल्या मुदतीनंतर पाच वर्षांनी. उशिराला यंत्रसामग्रीच्या खरेदीतली दिरंगाईही कारण होती, सगळा दोष हरवलेल्या कौशल्यावर टाकता येणार नाही. तरी शंकुल ते कलवरी या दोन तारखांमधली साडेतेवीस वर्षे कुणाला तरी मोजून दाखवायला हवीत.

दक्षिण कोरियाने ती मोजली असती तर चकित झाला असता. त्यांनी त्याच कीलच्या यार्डाशी, त्याच टाइप २०९साठी, १९८७ मध्ये करार केला. आपल्यानंतर सहा वर्षांनी. पहिली पाणबुडी कीलमध्ये बांधून घेतली आणि पुढच्या स्वतःच्या देवू कंपनीच्या यार्डात. फरक एवढाच की ते थांबले नाहीत. एक संपायच्या आत दुसरी, २०९ झाल्यावर २१४, मग स्वतःच्या रचनेची तीन हजार टनांची पाणबुडी, जी २०२१ मध्ये त्यांच्या नौदलात आली. मधल्या काळात त्यांनी इंडोनेशियाला तीन पाणबुड्या विकल्या. त्यातली पहिली इंडोनेशियाच्या ताब्यात गेली ऑगस्ट २०१७ मध्ये. आपण शिकलेली विद्या नव्याने शिकून कलवरी दाखल करत होतो, त्याच्या चार महिने आधी.

शल्की मात्र या सगळ्या काळात आपले काम करत राहिली. तिचा तळ मुंबईतच. पाणबुडीच्या गस्तीचा तपशील उघड करायचा नसतो, म्हणून तिच्या सेवेचा इतिहास वर्तमानपत्रात शोधून सापडत नाही. पण त्या गस्तीचा अर्थ समजून घेता येतो. आठवडेच्या आठवडे चाळीस माणसे एका लोकलच्या तीन डब्यांएवढ्या लांबीत राहतात. त्यातही अर्धी जागा यंत्रे आणि बॅटऱ्यांची. गोडे पाणी मोजून मिळते. बॅटऱ्या भरताना हायड्रोजन वायू सुटतो, त्याचे प्रमाण सतत तपासावे लागते, कारण ठिणगी पडली तर संपले. इंजिने चालवायची तर स्नॉर्केलची नळी लाटांच्या वर काढून हवा ओढावी लागते आणि नेमक्या त्याच वेळी शत्रूच्या रडारला दिसण्याचा धोका असतो. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक या रशियन बनावटीच्या पाणबुडीवर स्फोट होऊन अठरा जण गेले, तेव्हा किनाऱ्याला बांधलेली पाणबुडीसुद्धा किती धोक्याची जागा असते हे सगळ्यांना कळले.

शल्कीची बहीण शंकुश ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात होती. पावसाळी, उधाणलेले पाणी. दुरुस्तीसाठी पाणबुडीच्या पाठीवर आलेले काही जण लाटेने समुद्रात फेकले गेले. पाणबुडीवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, लेफ्टनंट कमांडर फिरदौस मोगल, त्यांना वाचवायला बाहेर आले. सहकारी वाचले, मोगल गेले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले.

वयाची तिशी ओलांडूनही या चार पाणबुड्या मोडीत निघालेल्या नाहीत, हे त्यांच्या बांधणीचे प्रमाणपत्रच आहे. त्यांच्यासाठी पाण्याखालून डागता येणारी हार्पून क्षेपणास्त्रे अमेरिकेकडून घेण्यात आली. जून २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने शंकुशच्या मोठ्या रिफिटचा २,७२५ कोटी रुपयांचा करार माझगाव डॉकशीच केला. ऑगस्ट २०२४ मध्ये शल्की कोलंबो बंदराला भेट देऊन आली. १९८०च्या दशकात मुंबईच्या शेडमध्ये जोडलेले ते सांधे तेव्हाही समुद्राचा दाब सोसत होते. हे काम आपल्याला झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

दरम्यान चक्र फिरून पुन्हा कीलपाशी आले आहे. स्कॉर्पिनची सहावी, वाघशीर, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आली. पुढच्या सहा पाणबुड्यांच्या योजनेसाठी त्याच वर्षी वाटाघाटी सुरू झाल्या त्या माझगाव डॉक आणि जर्मनीची टीकेएमएस यांच्या जोडीशी. ही टीकेएमएस म्हणजे जुन्या एचडीडब्ल्यूचीच वारसदार कंपनी. वाघशीरवर काम केलेले वेल्डर आज हाताशी आहेत. त्यांना किती वर्षे बसवून ठेवायचे, हा निर्णय दिल्लीत व्हायचा आहे आणि तो लवकर व्हायला हवा.

मुंबईकडेही एक मागणी आहे. १९७१च्या युद्धातली विक्रांत ही विमानवाहू नौका आपण १९९७ मध्ये निवृत्त केली, काही वर्षे संग्रहालय म्हणून ठेवली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली. तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलींच्या टाक्यांत गेला. विशाखापट्टणमने मात्र आपली जुनी कुरसुरा ही फॉक्सट्रॉट पाणबुडी २००२ पासून समुद्रकिनाऱ्यावर जपून ठेवली आहे आणि शाळकरी मुले रांगा लावून तिच्या आत जातात. कुरसुरा परदेशात बांधलेली होती. शल्की आपल्या शहरात, आपल्या माणसांनी बांधलेली आहे. तिची सेवा संपेल तेव्हा ती भंगारवाल्याकडे जाता कामा नये. राज्य सरकार, महापालिका आणि नौदल यांनी तिच्यासाठी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर जागा आताच ठरवावी. तिच्या सांध्यांवर काम केलेले वेल्डर, फिटर आणि तपासनीस आता वृद्धापकाळात आहेत. त्यांच्या तोंडून तो सारा अनुभव नोंदवून घ्यायला शल्कीच्या निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरात, चाळीत, नात्यात असा माणूस असेल, तर या दिवाळीत त्याच्याकडे जा, त्याला बोलते करा आणि ते लिहून ठेवा.